कोऱ्या चहाचा कोरडा अभिमान

आमच्या शाळेच्या ग्रुपवर अधूनमधून चहावरून युद्ध पेटतं. निमित्त काहीही चालतं. २०२४च्या मे महिन्यात आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आहाराबद्दलच्या सूचना काढल्या. त्यात जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, असं होतं. तेव्हा एक पेटलं. पुण्यात कटिंग महागलं की दुसरं. बाजू ठरलेल्या आहेत. एकांचं म्हणणं, दूध-साखर घालून रटरटा उकळलेला चहा हा चहाच नव्हे, ते इंग्रजांनी लावलेलं व्यसन. खरा चहा चिनी लोक पितात, कोरा, चिमुकल्या पेल्यातून. दुसरे म्हणतात, अमृततुल्यला नावं ठेवाल तर याद राखा. आणि मी चीनमध्ये राहतो म्हणून दोघेही मलाच साक्षीला उभं करतात.

तर साक्ष. मी ग्वांगझौला राहतो. इथल्या फांगछुन भागात चहाचा घाऊक बाजार आहे, गल्ल्याच्या गल्ल्या नुसत्या चहाच्या. तिथे एका युन्नानच्या बाईंच्या दुकानात मी जाऊन बसतो. त्या विकतात दियानहोंग, म्हणजे युन्नान प्रांतातला काळा चहा. काळा म्हणजे बिनदुधाचा नव्हे, तर ऑक्सिडेशन झालेल्या, म्हणजे हवा लागून रंग पालटलेल्या पत्तीचा. नैर्ऋत्य चीनमधल्या फेंगचिंग तालुक्यातला त्यांच्याकडे जास्त. पत्ती लांब, पिळदार, आणि मध्येमध्ये सोनेरी कळ्या. या कळ्यांवरची लव ऑक्सिडेशनमध्ये सोनेरी होते. जितक्या कळ्या जास्त तितका भाव चढा. पण फक्त कळ्यांचा चहा मला स्वतःला जरा मिळमिळीत वाटतो. एक कळी आणि एक-दोन पानं असलेला माल घ्यावा, त्याला अंग असतं.

बाई गायवानमध्ये चहा करतात. गायवान म्हणजे झाकण असलेली, बिनकानाची, बशीवर ठेवलेली वाटी, शंभरेक मिलिलिटरची. आधी ती गरम पाण्याने विसळून घ्यायची, मग पाचेक ग्रॅम पत्ती टाकून झाकण लावायचं आणि क्षणभराने झाकण उचलून नाकाशी धरायचं. इथे चहाची अर्धी ओळख होते. दियानहोंगला भाजलेल्या रताळ्याचा वास येतो, त्यामागे काकवीचा, आणि चांगला असेल तर किंचित मिरीसारखा. पाणी उकळून जरासं निवलेलं, ९० ते ९५ अंश. ओतायचं आणि दहा सेकंदांत गाळून काढायचं. वाचताना हे थट्टेचं वाटेल, कारण आपल्याकडे दहा सेकंदांत आधणाला बुडबुडासुद्धा येत नाही. पण पत्तीचं प्रमाण पाण्याच्या मानाने भरपूर असतं, त्यामुळे दहा सेकंदांतही केशरी-लाल रंग उतरतो आणि पेल्याच्या कडेला सोनेरी रेघ दिसते. मग त्याच पत्तीवर पुन्हा पाणी, जरा जास्त वेळ, आणि पुन्हा. सात-आठ वेळा सहज. पहिला पेला नुसता सुगंधाचा असतो, दुसरा-तिसरा भरदार, आणि शेवटी शेवटी उरतो तो गोडवा, साखरेचा नव्हे, घोट गिळल्यावर घशात मागून येणारा.

ही झाली पाहुण्यांसाठीची पद्धत. स्वतः माल पारखायचा असतो तेव्हा व्यापारी चहावर अजिबात दया करत नाहीत. पांढरा पेला, तीन ग्रॅम पत्ती, दीडशे मिलिलिटर खळखळतं पाणी, पाच मिनिटं. इतका वेळ मुरल्यावर चहाची सगळी पापं वर येतात. धुरकटपणा, आंबूसपणा, जास्त भाजल्याचा कडवटपणा, काही लपत नाही. मग चोथा ताटलीत पसरून बघतात. पानं अखंड उलगडली आणि तांब्याच्या रंगाची दिसली तर ठीक. आणखी एक परीक्षा आहे: पेला तसाच निवू द्यायचा. दमदार काळा चहा गार झाल्यावर गढूळ होतो, कारण त्यातलं कॅफिन आणि ऑक्सिडेशनमध्ये तयार झालेली रंगद्रव्यं एकमेकांना धरतात. आमच्याकडे लोक याला खराब चहा म्हणून ओतून देतील.

आता वादाकडे. हा चहा 'मूळचा', 'शुद्ध' आणि आपला इंग्रजी बाजाराने बिघडवलेला, ही मांडणी मला मान्य नाही. चिनी माणूस शतकानुशतकं मुख्यतः हिरवा चहा पीत आला. काळा चहा तिथे मोठा झाला तो परदेशी गिऱ्हाइकावर. फुच्येन प्रांतातल्या वुयी डोंगरातला, पाइनच्या धुरावर वाळवलेला चहा युरोपात गेला. आनह्वे प्रांतातला कीमून हा काळा चहा १८७०च्या दशकात सुरू झाला, तोही निर्यातीच्या ओढीने. आणि दियानहोंग तर सरळसरळ युद्धाचं अपत्य. जपानने चीनचे पूर्वेकडचे चहाचे मुलूख व्यापले, निर्यात बुडाली, परकीय चलन हवं होतं. म्हणून १९३८मध्ये फेंग शाओच्यू नावाच्या चहातज्ज्ञाला युन्नानला धाडलं आणि पुढल्या वर्षी फेंगचिंगला कारखाना उभा राहिला. तो माल हाँगकाँगमार्गे निघाला लंडनच्या बाजाराकडे. गंमत अशी की आसामचा पहिला चहा लंडनला लिलावात उभा राहिला तो १८३९मध्ये, बरोबर शंभर वर्षं आधी. आणि दोन्हीकडचं झाड एकच, मोठ्या पानाचं, ज्याच्या शास्त्रीय नावातच आसाम आहे. गोऱ्या साहेबाच्या पेल्यासाठी लावलेला म्हणून आपला चहा खोटा ठरवायचा, तर युन्नानचाही त्याच न्यायाने खोटा. चीनमधल्या शहरी मंडळींना काळ्या चहाचं खरं वेड लागलं ते २००५मध्ये त्याच वुयी डोंगरातल्या थोंगमू गावात जिन जुन मेई नावाचा चहा तयार झाल्यावर. नुसत्या कळ्यांचा, अर्धा किलोला पन्नास हजारांहून जास्त कळ्या लागणारा. म्हणजे ज्या 'प्राचीन परंपरे'चे दाखले आमच्या ग्रुपवर देतात, तिचा हा भाग आमच्या दहावीच्या बॅचहून लहान आहे.

दुधाचंही तेच. आपली पूड बहुतेक सीटीसी यंत्रावरची. १९३०च्या दशकात आसामात आलेलं हे यंत्र पान चिरडून, फाडून, त्याच्या गोळ्या वळतं. रस झटपट उतरतो, रंग गडद, चव तुरट आणि आडदांड. दुधातलं प्रथिन त्या तुरटपणाला धरून ठेवतं, साखर उरलंसुरलं सांभाळते, आलं-गवती चहा वर. अमृततुल्यवाल्याने काही अनाचार केलेला नाही. हाताशी असलेल्या मालाचा सगळ्यात शहाणा उपयोग केला आहे. उलट तब्येतीसाठी म्हणून हीच पूड उकळून कोरी पिणारे माझे दोन मित्र आहेत, सकाळी सकाळी तोंड वाकडं करून पितात आणि त्याला संस्कार म्हणतात. दियानहोंगमध्ये दूध घालणं जितकं वाया, तितकंच हे. आणि लोहाच्या मुद्द्यावर चीनच्या आडोशाला जायचं कारण नाही, टॅनिन कोऱ्या चहातही आहेच. जेवणावर तोही नको.

मला खटकतं ते वेगळंच. या सगळ्या भांडणात दूध येतं, साखर येते, इंग्रज येतो, कटिंगचा भाव येतो, फक्त पत्ती येत नाही. तांदूळ घेताना आपण आंबेमोहोर की इंद्रायणी, जुना की नवा, सगळं विचारतो. हापूस देवगडचा की रत्नागिरीचा यावर घरं फुटतील. चहाच्या पुड्यावर मात्र ब्रँड बघून गप्प. फांगछुनच्या बाई काही विचारायच्या आधीच सांगतात: कुठलं गाव, वसंतातली तोडणी की शरदातली, यंदाचा की गेल्या वर्षीचा. चढा भाव सांगतात तेव्हा तो का चढा, हे पेला पुढे करून दाखवतात. पटलं नाही तर उठून जायचं, त्या रागावत नाहीत.

म्हणून इथे सगळे जाणकार आहेत असं समजू नका. जिन जुन मेईच्या नावावर काय वाटेल ते विकलं जातं. सणाला द्यायच्या चहाच्या पेट्या इतक्या भपकेबाज असतात की आतल्या मालापेक्षा खोक्याला वजन जास्त. आणि तरुण पोरं? त्यांच्या रांगा दुधाच्या, गोड चहापुढे. हेटी नावाची साखळी २०१२मध्ये इथून जवळच्याच च्यांगमेनमध्ये सुरू झाली, चहावर खारट चीजचा फेस घालून. ऑफिसातल्या मुलींना मी आलं घातलेला चहा करून दिला तर त्यांनी त्याचे फोटो काढले आणि हा कुठे विकत मिळतो ते विचारलं. आमचे कोऱ्या चहाचे कैवारी ज्या देशाचा दाखला देतात तो देश असा दुधाकडे निघाला आहे.

बहिष्काराचा मुद्दाही येतोच. गलवाननंतर माझ्या एका आतेभावाने मी नेलेला डबा न उघडता परत केला. त्याच्या रागाशी मी वाद घातला नाही. भारत-चीन थेट विमानं २०२०पासून बंदच होती, ती २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली, आता डबे पुन्हा जातील. पण ज्यांना चिनी माल घरात नको त्यांना चांगल्या पत्तीपासून वंचित राहायचं कारणच नाही. आसामात ऑर्थोडॉक्स चहा होतो, न चिरडता वळलेल्या अखंड पानाचा, सोनेरी टोकांसकट. निलगिरीतही होतो. त्यातला बराचसा रशिया, इराण, जर्मनीला निघून जातो, कारण भारतात मागणारा नाही. मे-जूनच्या तोडणीचा शंभर ग्रॅम मागवा. झाकणाचा कोणताही कप चालेल. पहिल्यांदा पाच ग्रॅमला शंभर मिलिलिटर पाणी, दहा सेकंद. दुसऱ्यांदा व्यापाऱ्यासारखे तीन ग्रॅम, पाच मिनिटं. आणि दुपारी चारला नेहमीचं आधण ठेवा, आलं ठेचून.