‘क्रिप्टोत गेले ते गेले’ हे खरं नाही

गेले काही महिने बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. मंडळाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या जुन्या बॅचचा ग्रुप, सगळीकडे तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भारतात क्रिप्टोला कायदाच नाही, म्हणून पोलीस तक्रार घेत नाहीत. सरकार तीस टक्के टॅक्स घेतं म्हणजे धंदा सरकारमान्य आहे, बुडालात तर चूक तुमची. तक्रार केलीत तर उलट इन्कम टॅक्सवाले मागे लागतील. गेले ते गेले, फार तर ‘रिकव्हरी’ करून देणाऱ्याला दहा टक्के द्या.

मी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकिली करते. दांडिया बाजारातले एक काका, माझ्या वडिलांचे स्नेही, हा मजकूर वाचून अकरा दिवस गप्प बसले. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपने त्यांना एक ॲप दिलं होतं आणि त्यात त्यांचे यूएसडीटी (डॉलरशी किंमत बांधलेला क्रिप्टो कॉइन) दुप्पट झालेले दिसत होते. निवृत्तीच्या रकमेतला मोठा भाग त्यांनी यूपीआय आणि आरटीजीएसने भरला. काढायला गेले तर ‘आधी टॅक्स भरा’ असं उत्तर आलं. त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही. त्या अकरा दिवसांचं काय मोल झालं ते मी पाहिलं आहे, म्हणून या मजकुराला उत्तर देते आहे.

‘कायदाच नाही.’ रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना क्रिप्टो व्यवसायाला सेवा द्यायला मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी व्याख्याच आयकर कायद्यात घातली. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो एक्सचेंज, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्या, मनी लाँडरिंग कायद्याखाली आले. तेव्हापासून त्यांना संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते आणि ग्राहकाचं केवायसी ठेवावं लागतं. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी तर स्पष्ट म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येते. त्या खटल्यात एक्सचेंजची मूळ कंपनी सिंगापूरची होती. तरी गुंतवणूकदार बाईंनी पैसे चेन्नईतून भरले होते, म्हणून इथल्या न्यायालयाला त्यांना अंतरिम संरक्षण देता आलं.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी काकांच्या बाबतीत कॉइन कुठे होता? त्यांनी दिले ते रुपये. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गेलेले, यूटीआर नंबर (बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला क्रमांक) असलेले रुपये. ॲपवरचे आकडे कुणीतरी नुसते टाइप केलेले होते. खोटं सांगून कुणाकडून पैसे काढणं म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. त्यासाठी क्रिप्टोच्या वेगळ्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मला भेटलेल्या बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. ते ‘क्रिप्टोत फसलो’ म्हणतात आणि तिथेच हात टेकतात.

‘कायदाच नाही’ या वाक्यात जेवढं खरं आहे तेवढं मात्र मान्य करते. क्रिप्टोसाठी स्वतंत्र नियामक नाही. शेअर दलालाविरुद्ध सेबीकडे जाता येतं, बँकेविरुद्ध लोकपालाकडे, तसं दार इथे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला हेच विचारलं की स्पष्ट धोरण का नाही, आणि बिटकॉइनच्या व्यवहाराची तुलना हवालाशी केली. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी याच बडोद्यात अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली, तेव्हा सभासद एकमेकांना ओळखत होते. पुढे तिची बँक झाली आणि ती बँकही शेवटी बंद पडली. पण बँक बुडाली तर ठेव विमा असतो, आज पाच लाखांपर्यंत. क्रिप्टो वॉलेटला तो नाही. ही उणीव खरी आहे आणि ती भरून काढायची जबाबदारी संसदेची आहे. मात्र देखरेख अपुरी असणं वेगळं आणि दाद मागायची सोयच नसणं वेगळं. मजकुराने दोन्हींची गल्लत केली आहे.

‘पोलीस तक्रार घेत नाहीत.’ दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगून ठेवलं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइनही देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची. ठाण्याने नाही म्हटलं तर वरिष्ठांना लेखी कळवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जा. पण या सगळ्याच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. त्या नोंदीवरून पैसे ज्या खात्यांत गेले तिथे ते गोठवायची सूचना जाते. टोळीने दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून पैसा फार भराभर पुढे सरकतो, शेवटी त्याचे यूएसडीटी होतात, म्हणून पहिले काही तास सोन्याचे. कॉइन झाल्यावरही माग संपत नाही. ब्लॉकचेनवरचा, म्हणजे कॉइनच्या जाहीर नोंदवहीतला, प्रत्येक व्यवहार सगळ्यांना दिसतो, नोंदणीकृत एक्सचेंजकडे केवायसी असतं आणि यूएसडीटी काढणारी कंपनी एखाद्या पत्त्यावरचे कॉइन गोठवू शकते.

लोक ठाण्याची पायरी चढायला कचरतात याला कारण आहे, ते मी नाकारणार नाही. आपल्याच गुजरातेत २०१८ साली सुरतच्या एका बिल्डरचं अपहरण करून बिटकॉइन उकळले गेले आणि आरोपींत अमरेलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक निघाले, एक माजी आमदारही निघाले. असं वाचल्यावर विश्वास कुणावर ठेवायचा? पण त्याच प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने त्या दोघांसह चौदा जणांना जन्मठेप दिली. बिटकॉइन ‘कायद्यात नाही’ म्हणून कुणी सुटलं नाही. सात वर्षं लागली, हे मला बोचतं. तरीही कुणीतरी तक्रार केली म्हणून ते झालं.

‘टॅक्स घेतात म्हणजे सरकारमान्य.’ अजिबात नाही. आयकर उत्पन्नावर असतो, चारित्र्यावर नाही. १९८० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने चोरट्या चलन-वाहतुकीत जप्त झालेली रक्कमही कर मोजताना तोटा म्हणून धरली होती, त्यामुळे तस्करी मान्य झाली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्थमंत्र्यांनीही राज्यसभेत सांगितलं की कर लावला म्हणून क्रिप्टो कायदेशीर ठरत नाही. टॅक्सचा एक उपयोग मात्र आहे. भारतीय एक्सचेंजवर कॉइन विकला की साधारणपणे एक टक्का टीडीएस कापला जातो आणि तो आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो. जो ॲप म्हणतो ‘आधी टॅक्स आमच्या खात्यात भरा, मग पैसे काढा’, तो चोर आहे. टॅक्स तसा भरला जात नाही.

‘इन्कम टॅक्सवाले मागे लागतील.’ तीस टक्के लागतात ते नफ्यावर. काकांना नफा झालाच नव्हता. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण तोट्यावर कर कुणी मागत नाही.

‘गेले ते गेले.’ बिटकनेक्ट ही भरघोस परताव्याचं आमिष दाखवणारी क्रिप्टो योजना आठवा. सुरतेतल्या कितीजणांचे पैसे त्यात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईडीच्या अहमदाबाद कार्यालयाने त्या प्रकरणात १,६४६ कोटींचे क्रिप्टो जप्त केले. अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये त्याच प्रकरणातल्या सुमारे ८०० पीडितांना १ कोटी ७० लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. आपल्याकडेही मनी लाँडरिंग कायद्यात जप्त मालमत्ता पीडितांना परत करायची तरतूद आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ प्रमाणे गुन्ह्यातून आलेला पैसा जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत वाटता येतो. मात्र वाटपाच्या वेळी नाव त्यांचंच निघतं ज्यांची तक्रार कागदावर असते.

दहा टक्के मागणारा ‘रिकव्हरी’वाला बहुतेकदा त्याच टोळीचा असतो, फसलेल्यांची यादी त्याच्याकडे आयती असते. त्याला एक रुपया देऊ नका.

काकांची रक्कम तीन खात्यांतून फिरली. दुसऱ्या खात्यात थोडी गोठलेली सापडली आहे आणि ती सोडवून घ्यायचा अर्ज मी कोर्टात दिला आहे, पुढची तारीख पडली आहे. तिसऱ्या खात्यातली चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जागेवर होती. ते स्टेटमेंट काकांनी माझ्या टेबलावर दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “चौथ्या दिवशी मी सुरसागर तलावावर बसलो होतो गं.”