तळाची जाडी किती?

मला राजवाड्यातलं फर्निचर नकोय. कपडे ठेवायला ड्रॉवरचं एक कपाट हवंय. कमरेच्या वर येईल एवढ्या उंचीचं, चार-पाच खणांचं. खोलीत बरं दिसावं, खण ओढला की निमूट बाहेर यावा, ढकलला की आत जावा, आणि हा चमत्कार पहिल्या सहा महिन्यांनंतरही चालू राहावा. शिवाय खिशाला परवडावं. बस. एवढ्याशा मागणीपायी माझं डोकं फिरायची वेळ आलीये.

बाजारात सरळसरळ दोन जाती आहेत. एक देखणी, नाजूक, फोटोत बघताच जीव जडावा अशी. ती पहिल्या पावसाळ्यातच फुगते. दुसरी दणकट, करड्या पत्र्याची, कचेरीतल्या फायलींसाठीच जन्माला आलेली. ती बेडरूममध्ये ठेवली तर आपल्यालाच आपल्या खोलीत अर्ज घेऊन शिरल्यासारखं वाटेल. दोन्ही गुण असलेली तिसरी जात आहे. तिची किंमत बघून मी पान बदलते.

पण माझा राग स्वस्त मालावर नाही, हे आधी स्पष्ट करते. भुसा आणि गोंद दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड कमी पैशात येतं, मान्य. जाड बोर्ड घेतलं, कडा नीट बंद केल्या आणि पाण्यापासून लांब ठेवलं, तर ते बोर्डही बरीच वर्षं निभावतं. राग आहे तो पैसे कुठे घातलेत यावर. जिथे कॅमेरा पोचतो तिथे सगळा खर्च, आणि जिथे वजन येतं तिथे काटकसर. वरून कीर्तन, आतून तमाशा!

समोरचा भाग बघा. सोनेरी मुठी, वेताची जाळी, उभ्या पट्ट्यांचं नक्षीकाम. आता खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. तळाला काय असतं? तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड, तोही बाजूच्या खाचेत नुसता सरकवलेला. त्यावर आपण जीन्स ठेवायच्या, चादरी ठेवायच्या, हिवाळ्याचे स्वेटर ठेवायचे. तो बिचारा काय करणार? मधोमध झोळ धरतो, खाचेतून निसटतो, आणि एक दिवस वरच्या खणातले मोजे खालच्या खणात मुक्कामाला जातात. रुंद खणाची तर गोष्टच सोडा. रुंदी जितकी जास्त तितका झोळ जास्त, आणि स्टाइलच्या नावाखाली सगळ्यांना रुंद खणच विकायचे असतात. मधे एक आधाराची पट्टी मारायलासुद्धा यांच्या जिवावर येतं.

आणि यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ऐका. त्याच मालाची जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. तीनऐवजी सहा मिलिमीटरचा तळ घातला असता तर अर्धं रडगाणं संपलं असतं. अख्ख्या कपाटाच्या किमतीत त्या जास्तीच्या तीन मिलिमीटरचा हिस्सा कितीसा असणार? पण तळ फोटोत दिसत नाही ना! सोनेरी मूठ दिसते.

मागच्या पत्र्याचंही तेच. पत्रा म्हणजे खरं तर तो घडी घालून खोक्यात आलेला पातळ बोर्ड, आपणच बारीक खिळ्यांनी ठोकायचा असतो तो. लोकांना वाटतं, मागची बाजू भिंतीकडे असते, कशाला एवढा विचार. पण अशा कपाटाला काटकोनात धरून ठेवणारा मुख्य भाग तोच आहे. खिळे ढिले झाले की सगळा सांगाडा एका बाजूला कलतो, चौकोनाचा समांतरभुज होतो, आणि मग खण अडकायला लागतात. आपण मात्र चॅनलला, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या बाजूच्या पट्ट्यांना, शिव्या घालत बसतो.

अर्थात चॅनलही शिव्या खाण्याच्याच लायकीचे असतात. प्लॅस्टिकच्या चाकावर चालणारे, खण पाऊण बाहेर आणून थांबणारे. मागच्या कोपऱ्यातली वस्तू हवी असेल तर मनगट वाकडं करून चाचपडा. बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक, म्हणजे एकातून एक बाहेर सरकत खण पूर्ण उघडणारे चॅनल ही काही काल लागलेला शोध नाही. साध्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला ते सर्रास असतात. मग कपड्यांच्या कपाटाशीच काय वैर?

मापांची लबाडी तर अफाट आहे. वर्णनात बाहेरची उंची, रुंदी, खोली अगदी सेंटिमीटरपर्यंत. खणाच्या आतलं माप? ते कुठेच नाही. समोरची पट्टी वीतभर उंच, आणि मागे खणाच्या भिंती तिच्या जेमतेम निम्म्या. समोरून ऐसपैस दिसतं, आत मात्र घडी केलेला टॉवेल आडवा बसत नाही. खोलीचंही तसंच, बाहेरून चाळीस सेंटिमीटर असलं तरी आतला खण तीसवरच संपतो, उरलेल्या जागेत हवा. त्या हवेचे पैसेही आपणच भरतो.

लाकडाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतेच. 'वॉलनट फिनिश' म्हणजे वॉलनटच्या रंगाचा छापील कागद. बरं, कागद तर कागद, पण कडेची पट्टी तरी नीट चिकटवा! कोपऱ्यावर तिचा पोपडा निघाला की ओली फरशी पुसताना पाणी आत शिरतं आणि बोर्ड फुगतो. फुगलेला बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. 'सॉलिड वुड' लिहिलेलं दिसलं की मी हल्ली आनंदून जात नाही, खालचं बारीक अक्षर वाचते. बहुतेक वेळा पाय आणि समोरच्या पट्ट्या लाकडाच्या, बाकी सगळं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू आणि गोंद दाबून केलेला बोर्ड.

पायांवरून आठवलं. ते बारीक, तिरके, टोकाला निमुळते पाय कोणाच्या डोक्यातून निघाले? दिसतात झकास, नाही म्हणत नाही, मलाही आवडतात. पण एवढं वजन पेलणारा तो पाय चार आखूड स्क्रूंनी भुशाच्या बोर्डात रुतवलेला असतो. झाडताना कपाट जरा सरकवलं की स्क्रू भोक मोठं करून बाहेर. आणि भुशात एकदा भोक सैल झालं की तोच स्क्रू पुन्हा पकडत नाही. म्हणूनच घर बदलताना हे कपाट सोडवून परत जोडलं की ते पूर्वीसारखं राहत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीच हे स्वस्त कपाट घ्यायचं, आणि तेच कपाट घर बदलणं सोसत नाही. वा!

एका गोष्टीवर मात्र थट्टा करवत नाही. हलक्या कपाटाचे दोन-तीन खण एकदम उघडले की सगळं वजन पुढे येतं आणि ते तोंडावर आपटतं. लहान मुलं खणांच्या पायऱ्या करून वर चढतात. यात मुलांचे जीव गेलेत, आणि म्हणून अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तिथे आता खण उघडे ठेवून, सुमारे २७ किलोपर्यंतच्या मुलाचं वजन धरून कपाट कलंडतं का हे तपासावं लागतं. आणि मी जी वर्णनं वाचतेय त्यांत भिंतीला बांधायची पट्टी सोबत आहे की नाही, एवढंही लिहिलेलं नसतं. 'मिनिमल लुक' मात्र तीनदा लिहिलेलं असतं.

अभिप्राय वाचावेत तर तिथे वेगळीच मजा. "आजच मिळालं, पॅकिंग छान, पाच तारे." अरे, खोकं आवडलं असेल तर खोक्याला तारे द्या ना! वर्षभराने परत येऊन लिहिणारा माणूस क्वचित सापडतो, आणि सापडला की त्याच्या अभिप्रायाखाली ठरलेलं उत्तर असतं, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"मग सुताराकडून करून घे," हा सल्ला देणाऱ्यांनी हल्लीच्या सुताराला एका सुट्या कपाटासाठी बोलावून दाखवावं. अख्ख्या घराचं काम असेल तर तो येतो. आणि "जुनं घे, जुनं लाकूड दणकट असतं" म्हणणाऱ्यांचंही खरं आहे. त्या जुन्या खणांचे कोपरे एकमेकांत गुंतवलेले असतात, स्टेपलरच्या पिनांवर तगलेले नसतात. पण आता त्या जुन्यालाही लोक 'व्हिंटेज' म्हणून विकायला लागलेत. पॉलिश उडालेलं असलं तर किंमत आणखी जास्त! आणि ते जिन्यावरून चढवायला चार धट्टीकट्टी माणसं लागतात, ती वेगळीच.

तर शेवटी एक कपाट त्यातल्या त्यात बरं वाटलं. चॅनल चांगले, पाय जाड, रंगही मनासारखा. विक्रेत्याला चॅटवर साधा प्रश्न विचारला, "खणाच्या तळाची जाडी किती आहे?"

उत्तर आलं, "मॅम, हे प्रॉडक्ट प्रीमियम क्वालिटीचं आहे."

"हो, पण तळाची जाडी?"

"मॅम, हे तीन रंगांत उपलब्ध आहे."

"दादा, रंग दिसतायत मला. खणाच्या खाली जो बोर्ड आहे तो किती मिलिमीटरचा आहे?"

बराच वेळ नुसते टिंब हलत राहिले. मग एक सवलतीचं कूपन आलं, रात्री बारापर्यंत चालणारं.