गच्चीचा पाइप कुठे सोडलाय?

परवा रात्रीच्या पावसात कोपऱ्यावरच्या मॅनहोलचं झाकण पुन्हा वर आलं. काल कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता.

"दोनशे फ्लॅट!" नानांनी समोरच्या टॉवरकडे हात केला. "म्हणजे चारशे संडास. आणि आपली लाइन सत्तर घरांच्या वेळची!"

बंटी सरसावला. तो फ्लॅट विकतो, त्यामुळे त्याच्याकडे दोनच वाक्यं असतात: 'सगळं मंजूर आहे' आणि 'विकास नको का?' काल दोन्ही तीन-तीनदा ऐकवून झाली.

"मंजूर आहेच रे," अण्णा म्हणाले. त्यांचं आयुष्य ड्रेनेजच्या कामांवर गेलं आहे. "पण मंजुरी एका इमारतीची असते आणि पाइप सगळ्यांचा. वरच्या अंगाला पाच इमारती झाल्या. एकेकीचं गणित बरोबर, पण पाचांची बेरीज केली कुणी? लंडनला 1858 साली नदीच्या घाणीने पार्लमेंटला नाक धरून बसायची वेळ आली, तेव्हा बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरने अख्ख्या शहराच्या ड्रेनेजचं जाळं एकदम आखलं. त्या भुयारांतून आजही मैला वाहतो."

"आपल्याकडे पाइप मोठा टाका, झालं!" बंटी.

"इथे मोठा टाकशील आणि पुढे जुनाच असेल, तर झाकण पुढच्या गल्लीत उडेल. शिवाय पाणी कमी असलं की मोठ्या पाइपात ते रांगतं. सेकंदाला 0.6 मीटर तरी वेग लागतो, नाहीतर मैला तळाशी बसतो."

मग अण्णांनी खडूचा तुकडा घेऊन कट्ट्यावरच हिशेब मांडला. हजार माणसं, माणशी दिवसाला 135 लिटर, त्यातलं 80 टक्के ड्रेनेजला. सरासरी सेकंदाला सव्वा लिटर. सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट धरलं तरी चारच्या आत.

"आता पाऊस. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पडला की 1 लिटर. प्लॉट 4000 चौरस मीटरचा, पाऊस तासाला 60 मिलिमीटर. झाले सेकंदाला 67 लिटर! नाना, तुम्ही संडास मोजत बसलात. खरा मार आभाळातून येतो. बंगले होते तेव्हा तिथे माती होती, बरंचसं पाणी मुरायचं. आता खाली तळघराचा स्लॅब, वर पेव्हर ब्लॉक. पावसाळी गटार भरलं की कुणीतरी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उचकटतो आणि सगळा लोंढा मैल्याच्या लाइनीत घालतो."

तो लोंढा कुठे निघतो ते मला ठाऊक आहे. मी तळमजल्यावर राहतो. परवा पहाटे तीनला न्हाणीघरातून गुळगुळ आवाज आला. जाळीतून आधी बुडबुडे, मग काळं पाणी. मी जाळीवर ओली चादर दाबून बसलो, तोवर बायकोने आईची गादी उचलली. उजाडेपर्यंत पाणी दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी आलं होतं.

"प्लॉटमध्येच टाकी बांधा," अण्णा म्हणाले. "पावसाचं पाणी तिथे अडवा, सर ओसरली की हळूहळू सोडा. आणि लाइन शेवटपर्यंत पुरते हे दाखवल्याशिवाय कुणाला राहायला येऊ देऊ नका."

"टाकीत पार्किंग जाईल, अण्णा!"

"बंटी," मी म्हणालो, "तुमच्या टॉवरचं पार्किंग वाचवायला मैला माझ्या घरात का लावायचा?"

पहिल्यांदाच तो गप्प बसला. नानांना चेव आला. "हा लहानपणापासून असाच! आमची काच फोडून वर बॉल मागायला यायचा!"

"नाना," अण्णांनी हळूच विचारलं, "तुमच्या गच्चीचा पाइप कुठे सोडलाय?"

नाना चष्मा पुसायला लागले.

"चेंबरमध्ये," शेवटी म्हणाले. "मी सेक्रेटरी होतो तेव्हा. अंगणात चिखल व्हायचा म्हणून..."

बंटीने कट्ट्यावरून उडीच मारली. "त्याच चेंबरमध्ये माझा बॉल टाकला होतात तुम्ही!"

"काच फोडलीस म्हणून!"

"म्हणजे इतकी वर्षं लाइन माझ्या बॉलने तुंबलीय! आणि नावं टॉवरला!"

अण्णांसकट सगळे इतके हसले की वरच्या खिडक्या उघडल्या. नानाही हसले, जरा उशिरा.

टाकीचा अर्ज मी आज लिहितोय. नानांचा पाइप रविवारी सकाळी कापायचा आहे. करवत बंटी आणणार आहे.