खुलासा : सिंगापूरच्या हवामानाबद्दलचा फॉरवर्ड

'सिंगापूर बरोब्बर विषुववृत्तावर आहे, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, वर्षभर रोज सारखाच पाऊस आणि वादळ तर येऊच शकत नाही' असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातलं जवळपास काहीच खरं नाही.

विषुववृत्त शहराच्या दक्षिणेला सुमारे १३७ किमीवर आहे. पाऱ्याचा तिथला उच्चांक ३७ अंश : १९८३च्या एप्रिलमध्ये तेंगाहला आणि १३ मे २०२३ला आंग मो किओला. नागपूरकर हसतील, पण त्रास आर्द्रतेचा आहे. पहाटे ती ९० टक्क्यांच्या वर असते, घाम वाळत नाही आणि रात्रीही पारा सहसा २४च्या खाली उतरत नाही.

पावसाची सरासरी वर्षाला सुमारे २,११३ मिमी. म्हणजे मुंबईच्या आसपासच, फक्त चार महिन्यांत न कोसळता वर्षभर विभागलेली. तरी रोज पाऊस नाही; पावसाचे दिवस १७१च्या आसपास. ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे डिसेंबर सर्वांत ओला, फेब्रुवारी सर्वांत कोरडा. एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये सुमात्राकडून ढगांची रांग येते, बहुधा पहाटे ते दुपारच्या आत, आणि तासा-दोन तासांत झोडपून जाते. छत्री पर्समध्ये हवी, बॅगेच्या तळाशी नको.

वादळाचं म्हणाल, तर विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम क्षीण असल्याने वाऱ्यांना भोवरा धरता येत नाही. म्हणून ते दुर्मीळ, पण अशक्य नाही : २००१च्या डिसेंबरमध्ये 'वामेई' हे चक्रीवादळ शेजारच्या मलेशियातल्या जोहोरच्या किनाऱ्यावर धडकलं होतं.