सोलापूरच्या समकालीन कलेचं प्रदर्शन असं भरवा

सोलापुरात काम करणाऱ्या चित्रकार-शिल्पकारांचं मोठं प्रदर्शन भरवायचं तुमच्या मनात आलं असेल, तर हॉलच्या मागे लागू नका. आधी प्रमुख पाहुण्यांची तारीख घ्या. हॉल मिळतो, कलावंत मिळतात, चित्रं तर मिळतातच. पाहुणे मिळत नाहीत. तारीख ऐन एप्रिलातली आली तरी हो म्हणा. चाळिशीपार उन्हात टेम्पोच्या पत्र्याखाली चित्रांचं काय होतं, ते पुढे येईलच.

नुकतंच असं एक प्रदर्शन 'सोलापूरच्या कलेचं सर्वेक्षण' म्हणून पार पडलं, त्यामुळे कृती ताजी आहे. कुणाचं, कुठं, ते विचारू नका. ज्यांची कामं त्यात होती त्यांना ठाऊक आहे.

निवडीचा त्रास करून घेऊ नका. न्यूयॉर्कला मोमा पीएस वन या संस्थेनं २००० साली 'ग्रेटर न्यूयॉर्क' हे प्रदर्शन सुरू केलं, ते साधारण दर पाच वर्षांनी भरतं. लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियमचं 'मेड इन एल.ए.' २०१२ पासून दर दोन वर्षांनी. एकाच शहरात राहून काम करणारे कलावंत एवढाच दोन्हींचा विषय. निवड करणारी माणसं त्यासाठी स्टुडिओ-स्टुडिओ फिरतात, भिंतीला टेकवलेलं अर्धवट काम बघतात, आणि मग या शहरात आत्ता काय चाललंय याचा अंदाज बांधतात. त्यांना वेळ असतो, कारण त्यांच्यामागे आठवड्याला तीन सत्कार नसतात. तुम्ही एक मेसेज सोडा: 'फ्रेमसह दोन कलाकृती, कमाल ३ × ४ फूट, प्रवेश शुल्कासह रविवारी पाचपर्यंत आणून द्याव्यात.' ज्यांनी आणून दिल्या ते सोलापूरचे समकालीन कलावंत. ज्यांच्याकडे टेम्पोला पैसे नव्हते ते समकालीन नाहीत. (ते पीएस वन एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे, हे मात्र कुणाला सांगू नका. नाहीतर 'आपल्याकडे जागाच नाही ओ' हे वाक्य म्हणता येणार नाही, आणि लोक बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारांकडे बोट दाखवतील.)

दारातला पहिला फलक चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा. १९१५ साली पंढरपुरात जन्म, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. बालपण इंदूरला गेलं, नाव मुंबईत झालं आणि २०११ मध्ये लंडनला वारले, हा तपशील फलकावर मावत नाही. प्रदर्शन सोलापुरात काम करणाऱ्यांचं आहे आणि दारात असा माणूस आहे ज्यानं सोलापुरात काम केलं नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सगळे तिथं सेल्फी काढतात. त्यानंतर पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले 'आपले' कलावंत घ्या. ते भूमिपुत्र. शेळगीत किंवा जुळे सोलापुरात दोन खोल्यांत राहून, पाणी ज्या दिवशी येतं तो दिवस सोडून बाकीच्या दिवशी चित्र काढणारा नुसता 'स्थानिक'.

जकार्डवाल्यांना, म्हणजे जकार्ड मागावर कापडात चित्र विणणाऱ्यांना, अजिबात घेऊ नका. ते कारागीर.

हे नीट समजून घ्या, कारण उद्घाटनाला कुणीतरी आगाऊ माणूस विचारतोच. पूर्व भागात आजही अशी माणसं आहेत ज्यांनी हातानं ग्राफवर चौकट-चौकट भरून चेहरे उतरवलेत. जुन्या जकार्डला बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्यासाठी एक कार्ड पंच करावं लागतं. भोक असलं की हूक वर जाणार, त्याच्याबरोबर ताण्याचा उभा धागा उचलला जाणार. भोक नसलं की धागा खालीच. इंचाला ४८ धागे धरले तर ३६ इंच उंच भित्तिपटाला १,७२८ कार्डं. बाण्यात दोन रंग खेळवायचे तर दुप्पट. त्यातलं एक कार्ड उलटं शिवलं गेलं की गालावर आडवी रेघ येते, आणि ती सगळ्या नगांवर येते. राखाडी छटा मिळवायची तर रंग मिसळता येत नाही. काळा-पांढरा धागा कुठं, किती अंतरानं वर काढायचा याच्यावर सावली उभी राहते. सावली धाग्यानं मोजणारा हा माणूस. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, कार्डं गेली, डिझाइन स्क्रीनवर होतं. पण डोळा तोच लागतो. देशातलं कुठलंही म्युझियम असं काम आणि त्याचा ग्राफ शेजारी-शेजारी काचेत लावेल. तुम्ही लावू नका. तुम्ही त्यांच्याकडून चादरी घ्या, पाहुण्यांच्या खांद्यावर टाकायला. म्हणजे प्रदर्शनातलं सर्वांत सोलापुरी काम उद्घाटनाच्या दिवशीच पाहुण्यांच्या डिकीत जाईल.

फ्लेक्सवर पाहुण्यांचे फोटो मोठे, आयोजकांचे मध्यम, चित्र एकही नको.

आता टांगणी. जाणकार लोक सगळ्या चित्रांचा मध्य जमिनीपासून एकाच उंचीवर, साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, धरतात. हिशोब सोपा आहे: १४५ मध्ये चित्राची निम्मी उंची मिळवायची आणि फ्रेममागची टांगायची तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकी वजा करायची. ९० सेंटिमीटर उंच चित्र, तार ८ सेंटिमीटर खाली, तर हूक १८२ वर. पाणसळ लावून दोन हूक, दोघांत अंतर ठेवून, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं चित्र तिरकं होत नाही. भिंतीत ड्रिल, प्लग, स्क्रू. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे मागून हवा खेळते आणि ओलसर भिंतीची बुरशी कागदाला लागत नाही. हे सगळं तुम्ही करू नका. मांडववाल्याला सांगा. तो बल्ल्या रोवेल, त्यावर पांढरं कापड मारेल, त्यावर सुतळीनं चित्रं बांधेल. कुणी बोललं तर तो म्हणेल, 'लावालोय की ओ सर, काय होतंय त्याला.' वरच्या ओळीतली चित्रं मान मोडून बघावी लागतील आणि खालच्या ओळीतली गुडघ्यावर बसून. व्यायाम होतो.

एसी उद्घाटनाच्या दोन तासांपुरता लावा. गार-गरम, गार-गरम झालं की कॅनव्हास ढिला-ताठ, ढिला-ताठ होतो आणि जुन्या रंगाला तडे जातात. दिवसभर नुसते पंखे असते तर कमी नुकसान झालं असतं, पण पाहुण्यांना घाम आला असता.

उजेडाची काळजी नको, सोलापूर आहे. जलरंग आणि कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड देऊ नये, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो, असा जगभरचा दंडक आहे. आपल्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी येणारं ऊन हजारोंत मोजावं लागेल. त्या खिडकीसमोर जलरंग लावा. ॲलिझरिन क्रिम्झन हा लाल रंग वापरलेला असेल तर उत्तम. तो रंग उन्हात सगळ्यांत आधी उडणाऱ्यांपैकी आहे. काचेच्या फ्रेमसमोर ट्यूबलाइट लावा, म्हणजे प्रेक्षकाला चित्राऐवजी स्वतःचा चेहरा दिसेल. दिवा छतावरून, उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात टाकला तर काचेवर चमक येत नाही, पण मग सेल्फीत उजेड कमी पडतो.

व्हिडिओचं काम असेल तर टीव्ही ठेवा आणि रिमोट वॉचमनकडे द्या. मॅच असते.

लेबलवर नाव, वर्ष, माध्यम, आधी उंची मग रुंदी, एवढं पुरतं. तुम्ही सगळ्या ॲक्रेलिकला 'तैलरंग' लिहा, वर्ष गाळा, 'शीर्षकहीन'च्या जागी स्वतःच 'निसर्ग' टाका, आणि लेबल डबल टेपनं थेट कॅनव्हासच्या कोपऱ्यावर चिकटवा. टेप निघते. रंगासकट निघते.

आता मुख्य गोष्ट, कामं घेणं आणि परत देणं. इथं कृती अगदी लहान आहे: फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ छापा. 'कलाकृती हरवल्यास अथवा खराब झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' झालं. या एका ओळीत विमा वाचतो, पॅकिंग वाचतं, माणसं वाचतात. देवळाबाहेर चपला ठेवल्या तर बिल्ला मिळतो. चित्र ठेवलं तर कॅडबरीच्या खोक्यामागं लिहिलेली यादी.

म्युझियम म्हणवणारी जागा काय करते? काम दारात आलं की आधी त्याचा स्थिती-अहवाल. पुढून, मागून, चारही कोपऱ्यांचे फोटो. कुठं ओरखडा आहे, कुठं रंगाची खपली आहे, काच तडकलीय का, स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणणाऱ्या लाकडी चौकटीच्या, पाचरी जागेवर आहेत का, हे लिहून दोघांच्या सह्या, एक प्रत कलावंताला. एका कामाला दहा मिनिटं. साठ कामांना दहा तास. दोन जोड्या बसल्या तर पाच. एक दिवससुद्धा नाही. परत देताना तोच कागद पुढे ठेवून पुन्हा बघायचं. विमा कलावंताच्या भिंतीवरून काम निघाल्यापासून पुन्हा त्याच भिंतीवर लागेपर्यंतचा, फक्त हॉलमधल्या दिवसांचा नव्हे, कारण मोडतोड बहुतेक वेळा टेम्पोत आणि जिन्यात होते. आणि पॅकिंग. ॲक्रेलिक रंग उष्णतेनं मऊ होतो, हे एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणाऱ्या शाळकरी पोराला माहीत नसलं तर चालेल, साठ कॅनव्हास ताब्यात घेणाऱ्याला चालत नाही. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळून ४२ अंशांत ठेवलं की त्याचे गोल गोल ठसे चित्रावर कायमचे उठतात. वर्तमानपत्र घातलं की ते चिकटतं आणि ओढलं की शाईची अक्षरं रंगात राहतात. जाड थरातलं तैलरंगाचं काम वरून कोरडं दिसलं तरी आतून कित्येक महिने ओलं असतं. त्याच्यावर दुसरं चित्र आडवं टाकलं की दोन्ही गेली. बेकरीवाले ट्रेवर घालतात तो सिलिकॉनचा गुळगुळीत कागद रंगाला लावायचा, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे ठोकळे, दोघांमध्ये जाड पुठ्ठा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, उभी टेकवून. आडवी रास कधीच नाही. बबल रॅप सगळ्यात बाहेर, फुगे बाहेरच्या बाजूला. यातली एकही वस्तू मुंबईहून मागवावी लागत नाही. पुठ्ठा तर चादरींच्या गोदामांतून हवा तेवढा मिळतो.

त्या नुकत्याच झालेल्या प्रदर्शनात त्याऐवजी काय झालं? प्रदर्शन संपलं त्या संध्याकाळी मांडववाल्याला दुसरीकडे लग्नाचं जायचं होतं, म्हणून सुतळ्या कापून सगळी चित्रं जिन्याखालच्या खोलीत टाकली. टाकली. एकावर एक. खिडकी नाही, पंखा नाही, वर पत्रा. आणि चार दिवसांनी मेसेज: 'आपापली कामं घेऊन जावीत, उशीर झाल्यास जबाबदारी नाही.' जाऊन बघावं तर दोन कॅनव्हास एकमेकांना चिकटलेले, एका शिल्पाचं बोट गेलेलं, जलरंगाची काच फुटून तुकडे कागदावर घासलेले. विचारलं तर उत्तर, 'एवढं काय ओ, परत काढता येतंय की.'

परत काढता येत नाही.

ज्यानं ते काढलं त्यानं आठ महिने दिवसा शाळेत शिकवून रात्री काढलं. ते विकलं जाणार होतं. तुम्ही त्याच्याकडून प्रवेश शुल्क घेतलं, फ्रेम त्याच्या खर्चानं करून घेतली, टेम्पो त्याचाच, आणि मानधन विचारलं तर 'तुम्हाला व्यासपीठ मिळतंय' असं ऐकवलं. व्यासपीठावर खुर्च्या सतरा होत्या, त्यात कलावंत एकही नव्हता. आभारप्रदर्शनात साउंडवाल्याचं नाव आलं, माळवाल्याचं आलं, चित्रकारांसाठी 'सर्व कलाकार बंधू-भगिनी' एवढंच.

आणि याला तुम्ही सर्वेक्षण म्हणता. लाज वाटत नाही? या शहरात कोण काय करतंय हे बघायला तुमच्यापैकी एकही माणूस एकाही घरात गेला नाही. येत नसेल तर भरवू नका, कुणी बोलावलं नव्हतं. भरवायचंच असेल तर साठाऐवजी पंधरा कामं घ्या आणि ती पंधरा नीट सांभाळा. फॉर्ममधली ती ओळ काढा. फ्लेक्सच्या पैशांत विमा होतो का ते आधी विचारून बघा, मग फ्लेक्सची ऑर्डर द्या.

आणि ज्यांची कामं अजून तुमच्या जिन्याखाली पडून आहेत, त्यांना आज फोन करा. ग्रुपवर मेसेज नको, फोन. प्रत्येक कामाचा फोटो काढून, काय मोडलंय ते लिहून, सही करून द्या. टेम्पोचं भाडं तुम्ही भरा.