दुबईतलं घर, पासपोर्टवरची गाडी आणि ‘इथं कुणाला सांगायचं नाही’

जालन्यात सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो एका आठवड्यात सहा जणांनी पाठवला. त्यातले दोघे बदनापूर तालुक्यातले शेतकरी. त्यांची जमीन समृद्धी महामार्गात गेली आणि मावेजाचे पैसे मुदत ठेवीत आहेत.

मेसेज थोडक्यात असा: पुण्यात फ्लॅट घेण्यापेक्षा दुबईत घ्या. नुसतं फिरायला गेलात तरी घर नावावर होतं. इथलीच बँक कर्ज देते. घराबरोबर कायमचा व्हिसा. कर शून्य. पासपोर्ट दाखवून गाडी घ्या, वापरा, पुढं भारतात आणा. थायलंडमध्ये तर जमिनीसकट बंगला. आणि इथं कुणाला सांगायची गरज नाही.

मी इथं कर सल्लागार आहे. परदेशात घर घ्यायला माझा विरोध नाही. मुलं तिकडं नोकरीला असतील, ऐपत असेल, तर जरूर घ्यावं. कायद्यानं घेता येतं. पण या मेसेजवर विश्वास ठेवून कुणी इसार देऊ नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘फिरायला गेलात तरी घर नावावर होतं’ हे खरं आहे. दुबईत २००२ पासून ठरावीक भागांत परदेशी माणसाला मालकी हक्कानं घर घेता येतं आणि त्यासाठी तिथं राहणारा असण्याची अट नाही. नोंदणीची फी किमतीच्या ४ टक्के, आणि इमारतीच्या देखभालीचा आकार दरवर्षी, चौरस फुटावर. घर वर्षभर कुलपात असलं तरी तो भरावाच लागतो.

थायलंडचं मात्र चूक आहे. तिथं सर्वसाधारणपणे परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. फ्लॅट मिळतो, तोही एका इमारतीतल्या एकूण फ्लॅटच्या क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांना. बंगला हवा तर जमिनीचा ३० वर्षांचा भाडेपट्टा. यावर एजंट तोडगा सुचवतात की तिथल्या माणसाच्या नावानं कंपनी काढा आणि जमीन कंपनीच्या नावावर घ्या. जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवली की काय होतं, हे मराठवाड्यात समजावून सांगावं लागत नाही. कुळाचे आणि इनामी जमिनींचे दावे आपल्याकडे आजोबांनी लावले आणि नातू चालवतायत. ते निदान आपल्या तहसीलला, आपल्या भाषेत चालतात.

‘इथलीच बँक कर्ज देते.’ नाही देत. परदेशात मालमत्ता घ्यायला पाठवायच्या रकमेसाठी भारतातल्या बँकेनं कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसा स्वतःचा लागतो आणि तो ‘एलआरएस’ या परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतूनच पाठवायचा. मर्यादा एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. पॅन लागतो, बँकेत फॉर्म भरून कारण लिहावं लागतं. वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढं जेवढी रक्कम जाईल, तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. म्हणजे ६० लाख पाठवायचे तर १० लाख आणखी हाताशी हवेत. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तो अडकतो, आणि ज्याचं सगळं उत्पन्न शेतीचं, ज्यानं कधी रिटर्न भरलंच नाही, त्याला हे कुणी आधी सांगितलेलं नसतं.

व्हिसाचं गणित तर मेसेज पाठवणाऱ्यानं केलेलंच नाही. दुबईचा दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा घरावर मिळतो, पण घर २० लाख दिरहमचं लागतं. एका डॉलरला ३.६७ दिरहम धरले तर होतात साधारण ५ लाख ४५ हजार डॉलर. नवरा-बायको दोघांनी आपापली मर्यादा पूर्ण वापरली तरी वर्षात ५ लाखच जातात. तेव्हा जोडप्यालाही एका आर्थिक वर्षात हे जमत नाही. शिवाय तो राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे. याच मेसेजच्या एका आवृत्तीत स्पेन आणि पोर्तुगालही घातलेत. पोर्तुगालनं घर घेऊन व्हिसा मिळवायची वाट २०२३ मध्ये बंद केली, स्पेननं एप्रिल २०२५ मध्ये.

आता ‘कर शून्य, कुणाला सांगायचं नाही’. मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे.

दुबई भाड्यावर आयकर घेत नाही, हे बरोबर. पण तुम्ही राहता जालन्यात. भारतात राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथं करपात्र असतं, म्हणून तिकडचं भाडं इथल्या रिटर्नमध्ये येतं. परदेशात घर असलेल्या रहिवाशाला उत्पन्न कितीही असो, रिटर्न भरावंच लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून सुटका नाही. त्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो, त्यात घर आणि तिथलं बँक खातं दोन्ही लिहायचं. लिहिलं नाही तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण त्या सुटीत घर-जमीन येत नाही. आणि लपत काहीच नाही. तिथल्या बँक खात्यांची माहिती करारानुसार आपल्या आयकर खात्याकडे येते, संयुक्त अरब अमिरातीतूनही.

याहून वाईट वाट म्हणजे एजंट सांगतो, ‘इथं रोख द्या, तिकडं आम्ही भरतो.’ हा हवाला झाला. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे, आणि परदेशात बेकायदा घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीएवढी भारतातली मालमत्ता जप्त करता येते. तिकडच्या फ्लॅटपायी इथली विहिरीवरची जमीन अडकू शकते. ज्या घरानं आधीच अर्धं रान महामार्गाला दिलंय, त्याला हे सांगताना माझा आवाज चढतो, त्याला माझा इलाज नाही.

गाडीचं लवकर आटोपतं. दुबईत गाडी नावावर करायला तिथलं रहिवासी ओळखपत्र लागतं, ते पर्यटकाला नसतं. पर्यटकानं आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा आणि भाड्याची गाडी चालवावी. गोल्डन व्हिसा मिळून रहिवासी झालात, तर मग तिथला परवाना काढावा लागतो, आपल्या लायसनवर चालत नाही. न्यूझीलंडसारख्या देशात फिरायला आलेले लोक जुनी गाडी घेऊन जाताना विकतात, तिथं ते रीतसर आहे. त्यावरून दुबईचा नियम ठरत नाही. भारतात आणायची गोष्ट तर सोडाच. दुबईच्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडं, आणि आपल्या आयात नियमांत ते उजवीकडं लागतं.

बदनापूरच्या त्या दोन शेतकऱ्यांपैकी एका काकांनी रंगीत माहितीपत्रक आणलं होतं. बांधकाम सुरू असलेली इमारत, पन्नास हजार टोकन, पैसे एजंटाच्या इथल्या खात्यात. मी त्यांना एवढंच म्हणालो, “काका, दुबईत २००७ पासून कायदा आहे, चालू बांधकामाचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात जमा व्हावे लागतात. त्या खात्याचा नंबर लेखी मागा.” त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. एजंट म्हणाला, संध्याकाळी पाठवतो.

त्याला आज अकरा दिवस झाले. टोकनचे पन्नास हजार अजून काकांच्याच खात्यात आहेत.