घर मालकीचे झाले, महिना मात्र परवडेना

गिरगावात आमच्या तीन पिढ्या गेल्या. चाळीतली खोली पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली होती आणि भाडे महिन्याला 150 रुपयांच्या आसपास होते. पुनर्विकासात अठराव्या मजल्यावरच्या मालकीच्या घराची किल्ली मिळाली, तेव्हा आईने उंबरठ्यावर नारळ फोडला. तो आनंद खरा होता. सामाईक संडासापुढची पहाटेची रांग आणि दर पावसाळ्यात तुळयांना लावलेले टेकू ज्याने पाहिले आहेत, त्याला चाळीचे गोडवे गाता येत नाहीत.

आज मात्र सोसायटीचे मासिक बिल 6,500 रुपये येते आणि वडिलांच्या पश्चात आईला मिळणारे निवृत्तिवेतन 14,000 रुपये आहे. भाजी महागली तर आई भुलेश्वरपर्यंत चालत जाऊन दोन पैसे वाचवते, दूध अर्धा लिटर कमी घेते. सोसायटीच्या बिलात अशी काटकसर करताच येत नाही. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर मुंबईत 2022 पासून माफ झाला, हा दिलासा मोठाच आहे. परंतु उंच इमारत चालवण्याचा खर्च करापेक्षा कितीतरी जास्त असतो. लिफ्ट, पाण्याचे आणि अग्निशमनाचे पंप, जनरेटर, यांत्रिक पार्किंग, तीन पाळ्यांतले सुरक्षारक्षक यांतले काहीही चाळीत नव्हते, आणि आता यांतले बहुतेक काही बंद ठेवता येत नाही.

त्यातही मला सर्वांत अन्यायकारक वाटते ती विभागणी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, सेवाशुल्क सर्व सदनिकांत समान वाटले जाते, घराचे क्षेत्रफळ कितीही असो. रक्षक मोठ्या घराची जास्त राखण करत नाही, हा युक्तिवाद मला मान्य आहे आणि सारख्या घरांच्या सोसायटीत तो नियम योग्यच आहे. पण जिथे 350 चौरस फुटांचे जुने भाडेकरू आणि 1,500 चौरस फुटांचे नवे खरेदीदार एकाच संस्थेचे सभासद आहेत, तिथे ज्याच्याकडे गाडीच नाही त्याने यांत्रिक पार्किंगच्या दुरुस्तीचा आणि जिने चढताना धाप लागणाऱ्या आजीने व्यायामशाळेचा समान वाटा का उचलावा?

बिल्डरकडून देखभालीसाठी एकदाच मिळालेल्या निधीतून, म्हणजे कॉर्पसच्या रकमेतून, हा खर्च भागेल, असे आम्हाला करारावर सह्या करताना सांगण्यात आले होते. ती रक्कम एकदाच मिळाली, बिल दरमहा येते आणि दरवर्षी वाढते. आमच्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी घर भाड्याने देऊन डोंबिवलीला बिऱ्हाड हलवले. त्यांपैकी एक काकू माझ्या आईच्या चाळीस वर्षांच्या शेजारीण होत्या. भाडे चांगले येते म्हणून लोक त्यांना नशीबवान म्हणतात, पण सत्तरीत ओळखीचा डॉक्टर आणि देऊळ सुटते, त्याची भरपाई भाड्याने होत नाही.

ज्यांच्या चाळींचे करार अजून व्हायचे आहेत त्यांनी चौरस फुटांइतकाच पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा हिशेब मागावा आणि चैनीच्या सुविधांचा खर्च बिल्डर नव्या खरेदीदारांना विकतो त्या सदनिकांवर राहील, हे कलम करारात लिहून घ्यावे. आमच्या संस्थेत पार्किंग आणि व्यायामशाळा यांचे शुल्क वापरणाऱ्यांकडूनच घ्यावे, अशी उपविधी दुरुस्ती मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. त्यासाठी हजर सभासदांचे दोन तृतीयांश बहुमत आणि नंतर सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी लागेल. जुन्या भाडेकरूंपैकी जे डोंबिवली, बदलापूर, विरारला गेले आहेत त्यांनी त्या सभेला कृपया यावे. मतदानाचा हक्क तुमचा अजूनही आहे.